रात्री दहाचं ऊन

आमच्या परभणीत मे महिन्यात सकाळी नऊनंतर कॅमेरा बाहेर काढायचाच नाही हे ठरलेलं, ऊन इतकं कडक की आभाळ पांढरंफटक अन् माणसांच्या डोळ्याखाली काळे खड्डे. म्हणून जूनमध्ये लेकीकडं स्कॉटलंडला गेलो तर येडाच झालो, रात्रीचे दहा वाजले तरी उजेड जाईना, अन् तो तिरका सोनेरी उजेड तासन्‌तास टिकतो राव!

ओबान गावाहून फेरीबोटीनं मल बेटावर गेलो. टोबरमोरीच्या बंदरावर लाल, पिवळी, निळी घरं ओळीनं उभी, दुपारी ढीगभर फोटो मारले पण वाऱ्यानं पाणी हलत होतं, एकही धड नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर वारा पडलेला, सगळी घरं पाण्यात उलटी! हौसेनं पोलरायझर, म्हणजे पाण्यावरची चकाकी कापणारा फिल्टर, लावला, रंग मस्त उठले पण फिल्टर जास्त फिरवल्यानं प्रतिबिंबच गायब, हे कळलं रूमवर आल्यावर. डोकंच धरलं.

लॉख म्हणजे तिकडचं तळं, समुद्राची आत शिरलेली खाडी असली तरी लॉखच म्हणतात. लॉख नेस तर 37 किलोमीटर लांब, पीटच्या, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या, मातीमुळं पाणी काळपट. नुसतं पाणी घेतलं की फोटो सपाट, म्हणून अर्कहार्टचा पडका किल्ला पुढं घेतला. वारा थांबला की मिजेस नावाची चिलटं मात्र लई चावतात.

आता पुढच्या उन्हाळ्यात पैठणला नाथसागरावर, पहाटे साडेपाचला.