जुनापाणीचे गोटे: भरदुपारी जाल तर फसाल

जुनापाणीला आम्ही दुपारी बारा वाजता पोचलो, ही पहिली चूक. नागपूरहून काटोल रोडनं शहर सुटलं की थोड्याच वेळात गाव येतं. पण वाटेत तर्री-पोह्यांनी तासभर खाल्ला. मावसभावानं गाडी स्टँडवर लावली, चौफेर पाहिलं आणि म्हणाला, "अबे, हे तर नुसते गोटे हायेत!"

उभ्यानं पाहिलं तर तसंच वाटतं. काळ्या पाषाणाचे गोटे गवतात अर्धे बुडालेले. एकावरून दुसऱ्याकडे चालत गेलो आणि फेरी पुरी झाली तेव्हा कळलं, की आपण एका थडग्याला वळसा घालून आलो. मध्ये मुरूम-मातीचा बुटका उंचवटा. असली शिलावर्तुळं इथं शंभराहून कितीतरी जास्त आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातल्या, लोखंड वापरणाऱ्या लोकांची. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात इथली काही वर्तुळं खणली. त्यात निघालेल्या लोखंडी वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

पण आम्ही आलो होतो खळग्यांसाठी. काही वर्तुळांतल्या मोजक्या गोट्यांवर उथळ, वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. स्कॉटलंडमधल्या दगडांवर असेच खळगे असल्याचं रिव्हेट-कार्नाकनंच लिहून ठेवलंय. अलीकडे खगोल-अभ्यासक मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथली ५६ वर्तुळं मोजली. वर्तुळाच्या मध्यावरून पाहिलं तर खळग्यांचे गोटे ठरावीक तीन दिशांनाच येतात, असं त्यांना आढळलं. म्हणून या खुणांचा आकाशाशी संबंध असू शकेल, असं त्यांचं म्हणणं.

वाद इथंच आहे. दिशा ठरलेली आहे एवढं मला पटतं. तिथून थेट ताऱ्यांकडे उडी मारायला मी तयार नाही. जमिनीचा उतार, प्रेत आणायची वाट, शेजारचं थडगं, यांतल्या कशानंही दिशा ठरू शकते. शिवाय खळगे वर्तुळासोबतच कोरले की मागाहून, हे नुसता दगड पाहून कसं सांगणार? आणि एक गोटा जागचा हलला, की त्याचं माप कायमचं गेलं.

आम्हीही मोजून पाहायला निघालो. मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं, तर उत्तर दिशा दर वेळी वेगळीच. अर्धा तास घोळ घातल्यावर उमगलं, भावाच्या फोनच्या कव्हरला लोहचुंबक होतं! ते काढून ठेवा आणि फोन गोट्यावर टेकवू नका. या दगडातही थोडं चुंबकत्व असतं. तेवढं करूनही खळगे काही दिसले नाहीत. ऊन डोक्यावर, सावली नाही, मग उथळ खळगा दिसणार कसा?

वैतागून पुढं माहूरझरीला गेलो, तिथंही अशीच वर्तुळं आहेत. तिथं १९७०च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं, पुढं डेक्कन कॉलेजनंही. थडग्यांत घोड्यांची हाडं निघाली आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिनेही. ही वर्तुळं रचणारे लोक भटके पशुपालक होते, असं काही अभ्यासक म्हणतात. मेलेल्या घोड्याला इतकं सजवणारे लोक नुसते तेवढेच होते, हे मला पटत नाही. याच जिल्ह्यातल्या नायकुंडला तर त्यांची लोखंड गाळायची भट्टी सापडली आहे. माहूरझरी गोमेद-अकीकाच्या मण्यांचंही गाव होतं. मातीत मणी दिसला तर बघा, फोटो काढा, खिशात घालू नका. कायद्याचं राहू द्या, मणी कुठं पडला होता हीच तर त्याची खरी माहिती असते.

साडेचारला परत जुनापाणीला आलो. बोरीच्या झुडपाशी एक म्हातारा शेळ्या राखत बसला होता.

"कोठून आले जी?"

"नागपूरहून, बाबाजी. हे गोटे पाहायला."

"गवळ्यायचे हायेत हे. आमचे बुढे तसंच सांगत."

जाणाऱ्यांनी एवढं करावं: डिसेंबर-जानेवारीत जा, पावसाळा संपताच गवत कमरेएवढं असतं. फुलपँट आणि बंद बूट हवेत; घरी आल्यावर मोज्यांतली कुसळं काढण्यात आमची संध्याकाळ गेली. पाणी सोबत न्या, सावली नाहीच. उन्हं तिरपी असतानाच पोचा, सकाळी आठच्या आत किंवा चारनंतर. नाहीच जमलं तर टॉर्च आडवी धरा. खडूनं खळगे रंगवू नका, पाणीही ओतू नका. वर्तुळातून गाडी नेऊ नका. ही जागा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे.

उन्हं कलल्यावर बाबाजी काठी टेकून उठले, शेळ्यांना हाकारा दिला. ते बसले होते त्या गोट्यावर उजेड आडवा पडला आणि रुपयाएवढे खळगे एकामागून एक वर आले, दोन सरळ ओळींत. भाऊ ओरडलाच. बाबाजींनी वळून गोट्याकडे पाहिलं.

"हे? हे तं मी लहान होतो तवापासून हायेत," म्हणाले, आणि शेळ्यांमागं निघून गेले.