बुडबुड्याचा उजेड: पीएमटीवर शेवटी खरा पल्स आला

आला! आणि या वेळी तो नक्की उजेडाचाच आहे. ध्वनिलहरींनी पाण्यात अडकवून ठेवलेला बुडबुडा स्वतःच चमकतो (सोनोल्युमिनेसन्स); ती चमक मी पीएमटीने, म्हणजे मंद उजेडाचाही विजेचा पल्स करणाऱ्या फोटोमल्टिप्लायर ट्यूबने, टिपतोय.

मांडणी अशी: १०० मिलीचा गोल फ्लास्क, उकळून हवा काढलेलं पाणी, दोन बाजूंना पिझो (व्होल्टेज दिला की थरथरणाऱ्या चकत्या), बुडाला माइकचा छोटा पिझो, पिझोंना २६ किलोहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल, म्हणजे ड्राइव्ह. निळसर ठिपका डोळ्यांना कधीचाच दिसतोय. घोडं अडलं होतं ते मोजण्यावर. बुडबुडा दर आवर्तनाला एकदा चमकतो, म्हणजे उजेड आणि ड्राइव्ह दोन्ही एकाच तालात. पिझोवरचे काही शे व्होल्ट पीएमटीच्या केबलमध्ये डोकावले की स्कोपवर (ऑसिलोस्कोप) सगळं ट्रिगरशी झकास जुळतं, आणि उजेड कुठला, पिकअप कुठला, काही कळत नाही. पीएमटीच्या तोंडावर काळी टोपी घातली तरी लहर ढिम्म हलेना. छोटा कपॅसिटर टाकून साइन काढली, तर खाली काटे उरले, आवर्तनाला दोन. लहर शून्य ओलांडताना स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर अडखळतो, त्याचा हा प्रसाद.

पिझोच्या तारा पिळून शील्डमध्ये घातल्या, फ्लास्कभोवती तांब्याची जाळी गुंडाळली, सगळं अर्थिंग एकाच खिळ्याला आणलं. आता टोपी घातली की रेघ सपाट. टोपी काढली की आवर्तनाला एकच बारीक, खाली जाणारा पल्स. ड्राइव्ह तेवढाच ठेवून सुईने बुडबुडा मोडला: माइकवरची थरथर गेली, पल्सही गेला. अर्धा तास तेच करत बसलो होतो!

रुंदी मात्र मोजायची नाही. स्कोपवर दिसतात ते नॅनोसेकंद ट्यूबचे स्वतःचे. खरी चमक ६० ते २५० पिकोसेकंदांची, हे १९९७ मध्येच मोजून झालंय. मी पल्सखालचं क्षेत्रफळ घेणार. त्याला जुनी ९३१ए पीएमटी पुरते. खोलीच्या तापमानाला सिलिकॉनच्या उजेड-सेन्सरांचा अंधारातला गोंगाट मला तरी नको.

पुढे बर्फ. पाणी गार तितका उजेड जास्त. पण विशीच्या आसपास एक अंश उतरला की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरने घटतो, म्हणजे रेझोनन्स (फ्लास्क ज्या वारंवारतेला सर्वांत जोरात घुमतो ती) ५० हर्ट्झ सरकतो आणि बुडबुडा विझतो. हाताने नॉब फिरवत बसायचा बेत होता. लिहिता लिहिता सुचलं: माइकचा फेज (त्याची लहर ड्राइव्हच्या किती मागे-पुढे आहे ते) बघून ड्राइव्ह आपोआप सरकवला तर? ४०४६ ही फेज-लॉकची चिप लावावी... नको, ती स्वतःच तापमानाबरोबर सरकते. एडी९८३३ ही हवी ती वारंवारता बनवणारी चिप बरी, ०.१ हर्ट्झची पायरी मिळते. आर्डुइनोवर तिचा फेज-लॉक कुणी चालवलाय का? कोड असेल तर टाका, बर्फ तोवर थांबेल.