विलाफ्रांकाचे थर: कातालान मनोरे बघायला आणि त्यांच्या पायाशी उभं राहायला जाणाऱ्यांसाठी

दहीहंडी बघत वाढलेल्या माणसाला स्पेनच्या कातालुन्यात, म्हणजे बार्सिलोनाच्या प्रदेशात, थर मोजायला कोणी शिकवावं लागत नाही. पण इथले लोक थर वेगळ्या पद्धतीने मोजतात, टाळ्या वेगळ्या क्षणी वाजवतात आणि यश कशाला म्हणायचं याचा नियमही निराळा आहे. हे माहीत नसेल तर विलाफ्रांकाच्या चौकात चार तास उन्हात उभं राहूनही अर्धा खेळ हातचा सुटतो.

माणसांच्या या मनोऱ्यांना कास्तेल म्हणतात आणि ते रचणाऱ्या पथकाला कोल्या. उगम वाल्स या गावचा, अठराव्या शतकाच्या अखेरचा. वालेन्सियाहून आलेल्या एका नाचाच्या शेवटी रचायच्या छोट्या मनोऱ्यांतून ही परंपरा वाढली. २०१० मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. चौकात कोणाशी बोलताना हिला 'स्पॅनिश परंपरा' म्हणू नका, 'कातालान' म्हणा. कोणी भांडणार नाही, पण पुढच्या गप्पा जास्त मोकळ्या होतात.

बघायला एकच दिवस मिळणार असेल तर ३० ऑगस्ट, सांत फेलिक्सचा दिवस, विलाफ्रांका देल पेनेदेस. तारीख पक्की असते, वार कोणताही येवो. बार्सिलोनाच्या सांत्स किंवा प्लासा कातालुन्या स्थानकावरून रोदालिएस या उपनगरी रेल्वेची आर-४ गाडी घ्या, साधारण तासाभराचा प्रवास आहे. बार्सिलोना शहरापुरतं एका झोनचं तिकीट इथे चालत नाही, मशीनवर विलाफ्रांकाचं काढा. स्थानकापासून प्लासा दे ला विला चालत दहा मिनिटांवर. कार्यक्रम दुपारी बाराचा, पण चौक लहान आहे, त्यामुळे किमान दोन तास आधी पोचलं पाहिजे. साडेअकराला पोचणाऱ्याला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून समोरच्या माणसाच्या मानेचं दर्शन घडतं.

उन्हाचा हिशेब आधी करा. घड्याळात बारा वाजले तरी इथे उन्हाळ्यात सूर्य माथ्यावर येतो तो दोनच्या सुमारास, म्हणजे कार्यक्रम जसा रंगतो तसं ऊन चढत जातं. सकाळी सावली आहे म्हणून निवडलेली जागा एक वाजता तापू शकते. दीड लिटर पाणी, टोपी आणि खाली बसायची आशा सोडलेली बरी. छत्री उघडू नका, मागचे लोक ऐकवतात. लहान मूल सोबत असेल तर चौकाच्या कडेला, बाहेर पडायच्या गल्लीजवळ उभे राहा. पथकं पायथा बांधायला लागली की चौकाचा मधला भाग माणसांनी गच्च होतो आणि मग अर्धा तास कोणाला हलता येत नाही.

आता मोजणी. कास्तेलच्या नावात दोन आकडे असतात. 'तीन-नऊ' म्हणजे प्रत्येक थरात तीन माणसं आणि एकूण नऊ थर. जमिनीवर उभे असलेले पहिला थर. सर्वांत वरचे तीन थर मुलांचे आणि त्यांची रचना ठरलेली: आधी दोन मुलं, त्यांच्यावर वाकून बसलेलं एक, आणि त्याच्यावरून पाय टाकून पलीकडे जाणारं सर्वांत लहान मूल, अन्शनेता. म्हणजे एकेका माणसाचे खांब सोडले तर खालचे थर कितीही माणसांचे असोत, टोक दोन-एक-एक असंच संपतं. आपला एक्का वर ताठ उभा राहतो, हात वर करतो, हंडीला भिडतो. अन्शनेता उभी राहतच नाही. वाकलेल्या मुलावरून जाताना क्षणभर चार बोटं उघडून हात वर करते आणि ज्या बाजूने चढली त्याच्या दुसऱ्या बाजूने उतरू लागते. डोळ्याची पापणी लवली तर हा क्षण चुकतो.

हात वर झाला की कास्तेल 'चढला', आणि चौक ओरडतो. पण पूर्ण मान मिळतो तो शेवटचा माणूस सुखरूप खाली आल्यावरच. चढून उतरताना कोसळला तर नोंद होते, पण कमी दर्जाची. आपल्याकडे हंडी फुटली की काम झालं, मग थर कसेही कोसळोत. इथे उतरणं हाच परीक्षेचा मोठा भाग आहे. कारणही साधं आहे: तोपर्यंत खालच्यांचे पाय थकलेले असतात, आणि वरचं वजन एकसारखं कमी न होता एकेका बाजूने कमी होतं. म्हणून अन्शनेताचा हात वर गेला की फोन खिशात टाकून पाठ फिरवणारा माणूस हमखास परका समजावा.

फार मोठ्या कास्तेलना नुसता पायथा पुरत नाही. जमिनीवरच्या दाट गर्दीला पिन्या म्हणतात. ती दुसऱ्या थराच्या माणसांना हातांनी धरून ठेवते. त्या गर्दीच्या खांद्यांवर आणखी एक लहान गर्दी उभी राहते, ती फोल्रा, तिसऱ्या थराला धरणारी. आणि दहा थर रचायचे तर तिच्यावरही तिसरी. असा दहा थरांचा, तिघा-तिघांचा कास्तेल पहिल्यांदा चढून उतरला तो १९९८ मध्ये, तेर्रासाच्या मिन्योन्स पथकाकडून. मराठी वाचकाला यातला एक धागा ठाऊक असेल: २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून ४३.७९ फुटांची गिनेस नोंद मिळवली, तेव्हा मोडला गेलेला आधीचा विक्रम १९८१ पासून स्पेनच्या नावावर होता. मात्र उंचीची तुलना फार ताणू नये. कातालान पथकं फूट मोजत नाहीत. थरांची संख्या, प्रत्येक थरातली माणसं आणि खालच्या आधाराचा प्रकार यांवरून कठीणपणा ठरतो. आधार जितका कमी, तितका मान जास्त. फोल्र्याशिवायचा चार-नऊ हा फोल्र्यासह असलेल्या चार-नऊपेक्षा कितीतरी अवघड.

डोळ्यांइतकेच कान उघडे ठेवा. ग्राल्या नावाचं सनईच्या जातीचं वाद्य आणि ढोल, एवढंच संगीत. पहिले थर शांततेत लागतात. पाया नीट बसला नाही असं पथकप्रमुखाला वाटलं तर तो सगळ्यांना खाली उतरवतो, आणि त्यात काही कमीपणा नाही. वादन सुरू झालं म्हणजे प्रयत्न अधिकृत. पिन्यातल्या माणसाची मान खाली असते, त्याला वरचं काहीच दिसत नाही; वर काय चाललंय हे त्याला सुरांवरून कळतं. म्हणूनच कास्तेल वर जात असताना चौक गप्प असतो. आपल्या सवयीने थर मोजत ओरडलात, शिट्टी मारलीत, तर आजूबाजूचे लोक वळून बघतील.

प्रत्येक पथक आळीपाळीने तीन मोठे कास्तेल करतं, फसलेल्यांसाठी एक जादा फेरी असते आणि शेवटी एकावर एक अशा सरळ खांबांनी समारोप. सगळं संपायला तीन-साडेतीन वाजतात. दोन कास्तेलांमधला वेळ लांबतो आणि पहिल्यांदा आलेल्याला तो कंटाळवाणा वाटतो. तेव्हा पायथा कसा बांधतात ते बघा; आमच्या मते खरी कला तिथेच आहे. मधले खांब असलेली माणसं, त्यांच्या काखेत खांदा देणारे, पाठीला छाती लावून उभे राहणारे, मग हातांच्या रांगा. प्रत्येकाची जागा उंचीवरून ठरलेली असते, आणि चार सेंटिमीटरचा फरकही चालत नाही, कारण खांदे एका पातळीत नसले की वरचा थर पहिल्यापासूनच कलतो.

कोसळण्याची कारणंही खालून वाचता येतात. थर हळूहळू गोल फिरू लागला तर एका बाजूचे पाय चुकीच्या जागी पडलेत. चौथ्या-पाचव्या थराच्या गुडघ्यांत कंप सुरू झाला तर वेळ फार गेलाय. घामाने कंबरपट्टा सैल झाला की चढणाऱ्याचा पाय घसरतो. आणि कधीकधी वरचं मूल अर्ध्यावर थांबून मागे फिरतं. त्याला कोणी रागवत नाही, सगळा कास्तेल शिस्तीत उतरवला जातो. वरची मुलं हेल्मेट घालतात. २००६ मध्ये मातारोत एका मुलीचा पडून मृत्यू झाला, त्यानंतर हेल्मेटचा वापर सर्वत्र रुजला. महाराष्ट्रात २०१७ पासून चौदा वर्षांखालील मुलांना थरांवर चढवता येत नाही. इथे अन्शनेता सहा-सात वर्षांचीही असते. आपल्या वाचकांना हे खटकेल, आणि खटकावंही. इथल्या लोकांशी याविषयी बोलता येतं, फक्त कास्तेल वर जात असताना नव्हे.

बघणं झालं. पण इथे राहणाऱ्याला त्याहून मोठी संधी आहे ती पिन्यात उभं राहायची. पथकांना माणसं कायम कमी पडतात, पायथ्याला वय, लिंग, भाषा, वजन यांची अट नाही, आणि प्रतिस्पर्धी पथकाच्या पिन्यात जाऊन हात लावणं ही इथली रीतच आहे. छोट्या गावांच्या उत्सवात तर चौकातल्या लोकांनाही बोलावतात. सर्वांत मोठ्या दिवशी, म्हणजे सांत फेलिक्सला, पहिल्यांदा आत शिरू नका. आधी सरावाला जा. सराव बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोनदा, रात्री असतो, आणि त्यातला एक दिवस सहसा शुक्रवार. विलाफ्रांकाच्या पथकाची जागा 'काल फिगारोत' या नावाने ओळखली जाते. बार्सिलोनात ग्रासिया, सांत्स आणि इतर भागांची आपापली पथकं आहेत.

आत शिरण्याआधी घड्याळ, अंगठ्या, कानातलं, चष्मा, गळ्यातलं सगळं काढायचं. मंगळसूत्रही. खिसे रिकामे, कारण मागच्याच्या छातीत तुमचा फोन रुततो. बूट पातळ तळव्याचे. शर्टाची कॉलर उभी करून मानेवर घ्या, नाहीतर वर चढणाऱ्यांचे पाय आणि मागच्यांचे हात कातडी सोलतात. समोरच्याच्या पाठीला छाती पूर्ण चिकटवा, हात त्याच्या खांद्यांवरून वर-पुढे ताणा, हनुवटी छातीला लावा. ढकलायचं नाही, फक्त सांगतील तेव्हा घट्ट व्हायचं. उत्साहाने एका बाजूने दिलेला धक्का दुसऱ्या बाजूच्या खांबाला हलवतो. वर बघायचा मोह प्रत्येकाला होतो. बघू नका: वरून कोणी पडलं तर उघडा चेहरा आणि ताठ मान यांनाच सर्वांत जास्त इजा होते. आणि कोसळला तरी जागा सोडू नका. पिन्या हीच पडणाऱ्यांची गादी आहे, तुम्ही बाजूला सरलात तर तिथे दगडी फरशी उरते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी बाहेरूनच बघावं.

कमरेचा काळा पट्टा दोघांशिवाय बांधता येत नाही. एकाने टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने कमरेवर दुसरं टोक दाबून स्वतःभोवती फिरत त्याच्याकडे जायचं. सुरकुती राहिली तर ती पहिल्या कास्तेलमध्येच टोचते. वर चढणाऱ्यांचे पट्टे कित्येक मीटरचे असतात, कारण ते पाठीला आधार देतात आणि पायाला पायरीही. पिन्यातल्याला आखूड पुरतो. पोटभर जेवून मात्र बांधू नका.

जेवणाचं म्हणाल तर कार्यक्रमानंतर सगळं गाव एकाच वेळी टेबल शोधतं आणि स्वयंपाकघरं चारच्या सुमारास बंद होतात. आधी आरक्षण करा किंवा सकाळीच बोकादियो (पावाचं सँडविच) घेऊन ठेवा. शाकाहारींसाठी टोमॅटो चोळलेला पाव आणि भाजलेल्या वांगी-मिरचीची एस्कालिवादा खात्रीची. पालक-बेदाणे-चिलगोज्याच्या भाजीत हॅम आहे का हे विचारा, पुष्कळदा असतो. परतीच्या गाड्या पाच-सहाला खच्चून भरतात. घाई नसेल तर गावातलं विन्सेउम हे द्राक्ष-वाइनचं संग्रहालय बघता येतं, नाहीतर त्याच रेल्वेमार्गावर सांत सादुर्नी हे कावाचं, म्हणजे फेसाळ वाइनचं, गाव आहे.

ऑगस्ट हुकला तरी बिघडत नाही. २४ सप्टेंबरला बार्सिलोनात ला मेर्से या शहराच्या उत्सवात प्लासा सांत जाउमेमध्ये कास्तेल होतात, भुयारी रेल्वेच्या एल-४ वरचं जाउमे प्रिमेर स्थानक जवळ. त्याच दिवशी तार्रागोनात सांता तेक्लाच्या उत्सवात चार थरांचे खांब कॅथेड्रलच्या पायऱ्या उतरून जुन्या गल्ल्यांतून चालत प्लासा दे ला फोंतपर्यंत येतात. दोन्ही एका दिवसात साधायला जाऊ नका. आम्ही तार्रागोना निवडू. तिथे जाताना 'कांप दे तार्रागोना' या वेगवान गाड्यांच्या स्थानकाचं तिकीट काढलंत तर शहराबाहेर सुमारे दहा किलोमीटरवर उतराल. शहरातलं स्थानक समुद्राकाठी आहे आणि तिथे प्रादेशिक गाड्या जातात. तार्रागोनातली मोठी स्पर्धा सम वर्षांच्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला जुन्या बैलझुंजीच्या रिंगणात होते. तिला तिकीट लागतं, पण छताखाली बसून बघता येतं. सांता उर्सुलाच्या सणाच्या सुमारास ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वाल्स, आणि १ नोव्हेंबरला पुन्हा विलाफ्रांका; हवा थंड, पथकं हंगामभर तयार झालेली, म्हणून जाणकार हेच दिवस पसंत करतात.

पथकात नाव घालायचं असेल तर उत्तम काळ हिवाळ्यानंतरचा, हंगामापूर्वीचा. तेव्हा सराव हलका असतो आणि नवख्यांकडे लक्ष द्यायला वेळ असतो. पथकाला पाठवायच्या पहिल्या निरोपात नाव, आपण कोणत्या भागात राहता आणि खांद्यापर्यंतची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. स्पॅनिश मोडकी असली तरी चालते, कातालानमध्ये एक 'बोन दिया' (शुभ दिवस) पुरतो. उंचीचा आकडा मात्र अनवाणी उभं राहून मोजलेला द्या.