तुम्ही विचारलंत म्हणून: मी हाताने केलेल्या पद्मिनी टॅक्सीच्या मॉडेलचं इंजिन चालतं का?

नाही, चालत नाही. चालावं म्हणून मी ते करायला घेतलंही नव्हतं.

हे उत्तर मी लग्नकार्यात दिलंय, ऑफिसच्या कँटीनमध्ये दिलंय, मॉडेलच्या प्रदर्शनात टेबलामागे उभी राहून दिलंय. त्यानंतर ठरलेला प्रश्न येतो: "मग उपयोग काय?" काही जण तो तोंडाने विचारत नाहीत. बॉनेट उचलल्यावर वाकून बघतात, प्लगच्या वायरींकडे बोट दाखवतात, मुलाला पुढे करतात, आणि मी "चालत नाही" म्हटलं की "अच्छा" म्हणून पुढच्या टेबलावरच्या रिमोटच्या गाडीकडे जातात. मला त्याचं वाईट वाटतं. वाटू नये असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं, तरी वाटतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. खऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलीमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, 75, चार सिलिंडर मिळून 1089 सीसी. माझी टॅक्सी 1:8 मापाची, म्हणजे अख्खी गाडी साधारण अर्धा मीटर. लांबी आठ पटीने कमी झाली की घनफळ 512 पटीने कमी होतं. 1089 सीसीचे उरतात 2.1 सीसी, एका सिलिंडरच्या वाट्याला जेमतेम अर्धा. एवढी लहान इंजिनं चालवून दाखवणारे कारागीर जगात आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण पेट्रोलचा थेंब काही आठ पटीने लहान होत नाही. कार्बोरेटरचं जेट, प्लगमधली फट, सिलिंडरच्या भिंतीची जाडी, यातलं काहीच नुसतं भागाकार करून खाली उतरत नाही. चालवायचं म्हटलं की आतलं बहुतेक सगळं बदलावं लागतं. मग बाहेरून पद्मिनी राहते आणि आत कुणीतरी नव्याने आखलेलं दुसरं इंजिन बसतं. मला ते दुसरं इंजिन नको होतं.

"विकत मिळत नाही का?" हा त्याच्या मागोमाग येणारा प्रश्न. नाही मिळत. 1:8 मध्ये युरोपातल्या जुन्या महागड्या गाड्यांचे किट निघाले, पद्मिनीच्या इंजिनाचा या मापाचा किट माझ्या पाहण्यात नाही. आणि हे इंजिन साधंसुधं नाही. 1937 साली इटलीत फियाटच्या 508सी गाडीत ते आलं, तेव्हाही 68 बाय 75 च होतं. बिडाचा ब्लॉक, वर झाकणासारखं ॲल्युमिनियमचं हेड, कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, तिथून पुशरॉडने वरचे, व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर हलणार, क्रँकला तीन मेन बेअरिंग. इटलीत हेच इंजिन असलेली फियाटची 1100 गाडी 1969 मध्ये बंद झाली. प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून मात्र पुढेही कित्येक वर्षं त्याच मापाचं इंजिन घेऊन गाड्या बाहेर पडत होत्या. इतकी वर्षं टिकलेल्या वस्तूचं कुणीतरी नीट मोजमाप करून ठेवायला हवं, असं मला वाटतं.

थ्रीडी प्रिंटला माझा विरोध नाही. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाची, कॅप मी प्रिंट करून घेतली आहे. ती हाताने मला तितकी सुबक जमली नसती. बाकीचं हाताचं काम आहे. ब्लॉक स्टायरीन शीटचे थर चिकटवून, मग कानशीने आकार देऊन. बिडाचा खरबरीतपणा यावा म्हणून त्यावर पातळ पुट्टी आखूड केसांच्या ब्रशने ठोकत नेली. रॉकर कव्हर पितळी पत्र्याचं, सागाच्या ठोकळ्यावर ठोकून काढलेलं. तेरा नंबरचा पाना लागतो तो बोल्ट 1:8 मध्ये 1.6 मिलीमीटरचा होतो. असे बोल्ट मी पितळी सळईला सहा बाजू पाडून एकेक कापते. प्लगच्या वायरी खऱ्या सात मिलीमीटरच्या, माझ्या नऊ दशांश मिलीमीटरच्या जवळ जातात, आणि त्या सिलिंडर पेटण्याच्या 1-3-4-2 या क्रमानेच डिस्ट्रिब्युटरपासून निघतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी पावसात टॅक्सी बंद पडल्यावर ती कॅप उघडून पुसली आहे, त्याला चुकीचा क्रम लगेच कळेल. अशी माणसं प्रदर्शनात येतात. ती "चालतं का" विचारत नाहीत.

आता जे मी सहसा सांगत नाही ते.

वडिलांची, म्हणजे अण्णांची, टॅक्सी 1996 ची. मुंबईत 2013 मध्ये टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांवर आणलं गेलं, तेव्हाच घरात तारीख ठरून गेली होती. 2016 मध्ये परमिट नव्या गाडीवर गेलं, ती आता माझा भाऊ चालवतो, आणि जुनी गाडी कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडे द्यायची ठरली. जिथे ती बनली त्या कारखान्यापासून फार लांब नाही. मी सुट्टी काढून अण्णांबरोबर गेले. मी मेकॅनिकल ड्राफ्ट्समन, आयटीआय केलेली. पिशवीत व्हर्नियर, डेप्थ गेज, वही आणि पेन्सिली घेतल्या होत्या. मॉडेल करायचं मनात होतं, पण अण्णांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते मला घेऊनच गेले नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

आरटीओत द्यायला चॅसी नंबरचा तुकडा कापला. ठिणग्या उडाल्या तेव्हा अण्णा गाडीला हात लावून उभे होते, त्यांना मागे व्हायला सांगावं लागलं. मग पोरांनी इंजिन उचलून खाली टायरवर ठेवलं. मी भंगारवाल्याशी बोलले. तो म्हणाला, ताई, अंधार पडेपर्यंत काय मोजायचं ते मोजा, नंतर फोडायचंय; बीड वेगळं जातं, ॲल्युमिनियम वेगळं. पोरांनी माझ्यासाठी हेडचे नट सोडवले आणि खालून संप, म्हणजे तेलाचं भांडं, काढला. हेड निघालं आणि मधलं गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधला सपाट पातळ थर, माझ्या हातात आलं.

हे कुणी ड्रॉइंगवाला असेल त्यालाच पटेल, पण तो क्षण मला अजून तसाच आठवतो. गॅस्केट म्हणजे ब्लॉकच्या माथ्याचा तयार नकाशा असतो. चार सिलिंडर, पाण्याच्या वाटा, तेलाची भोकं, स्टडच्या जागा, सगळं एकास एक मापात. मी ते वहीवर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. वहीचं ते पान आजही तेलाने पारदर्शक झालेलं आहे. मग बोअर मोजला. तो 68 नव्हता, 68.8 होता.

मला त्याचं कारण माहीत होतं. मी आयटीआयला गेले त्या वर्षी गाडी धूर मारायला लागली होती. अण्णांनी बोअरिंग करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून थोडे मोठे करून, ओव्हरसाइज पिस्टन घातले. इंजिन उतरलं होतं तेवढे दिवस ते दुसऱ्याची टॅक्सी नाइटला चालवत होते. माझी फी त्याच महिन्यात भरली गेली. घरात याविषयी कधी कुणी बोललं नाही. व्हर्नियरवर ते आठ दशांश मिलीमीटर दिसत होतं.

मी आकडा मोठ्याने वाचून वहीत लिहिला. तेव्हा अण्णा माझ्या मागे येऊन उभे आहेत हे मला कळलं नव्हतं. ते म्हणाले, "माणूस गेल्यावर त्याची मापं घ्यायची नसतात, पोरी."

मी वळून बघितलं. ते रागावले नव्हते, किंवा मला राग दिसला नाही. मी म्हटलं, "अण्णा, आत्ता नाही घेतली तर परत कधीच मिळणार नाहीत." ते म्हणाले, "मग काय अडतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि उजेड कमी होत होता. मी क्रँकची मापं घ्यायला वाकले. थोड्या वेळाने पाहिलं तर ते नव्हते. चहाला गेले असतील असं वाटलं. ते स्टेशनवर जाऊन, गाडी पकडून एकटे घरी गेले होते.

ब्लॉक फोडला तेव्हा मी तिथेच होते. बीड ठिसूळ असतं, घणाचे दोन-तीन घाव पुरतात. अण्णा निघून गेले ते बरं झालं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आजही वाटतं. पण त्यांनी ते घरी बसून मनात ऐकलं असणार हेही मला कळतं. त्या रात्री आम्ही जेवलो, बातम्या बघितल्या, आणि त्या जागेचं नाव पुढे फार दिवस घरात निघालं नाही.

मी चुकले असं मला वाटत नाही, हे स्पष्ट लिहिते. ती मापं घेतली नसती तर आज अण्णांच्या इंजिनाचं काही म्हणजे काही उरलं नसतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली होती, तिची मुदत 2023 च्या ऑक्टोबरमध्ये संपली. त्या आठवड्यात मला अनेकांनी गाडीचे फोटो मागितले, ज्यांनी आधी "उपयोग काय" विचारलं होतं त्यांनीही. मी दिले. पण त्यांना हवी होती ती पिवळं छप्पर असलेली काळी गाडी, कुठलीही. माझ्या मॉडेलमधला बोअर 8.5 नाही, 8.6 आहे. तो दशांश मिलीमीटर एकाच गाडीचा आहे.

आणि तो कुणालाही दिसत नाही, कारण हेड कायमचं चिकटवलेलं आहे. इथे मी माझ्याशीच भांडते. काही वर्षांपूर्वीची मी प्रदर्शनात ताठ मानेने सांगायची की आत चारही पिस्टन आहेत, क्रँक आहे, दिसत नसलं तरी असलं पाहिजे, नाहीतर ते नुसतं टरफल. आज मला तिला विचारावंसं वाटतं, मग कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंग चेन कुठे आहे? चेनच्या कव्हरमागे पोकळी आहे. ऑइल पंप नाही. ती म्हणेल, ते कव्हर उघडायच्या आत अंधार पडला, मी जे पाहिलं तेवढंच आत घातलं. हे उत्तर मला पटतं. मग प्रिंट केलेली कॅप आठवते, जी दुसऱ्याच गाडीवरून मोजली होती, आणि पटेनासं होतं. टॅक्सीला नंतर बसवलेला सीएनजीचा मिक्सर, म्हणजे गॅस हवेत मिसळणारा भाग, घालायचा की कारखान्यातून निघाली तशी ठेवायची, यावरही माझं मत आजवर अनेकदा बदललं आहे. 68.8 घेतला तर मिक्सरही घ्यायला हवा, हा न्याय सरळ आहे. तरी हात पुढे होत नाही, कारण त्याने वरचं निम्मं काम झाकलं जातं. याचं समर्थन मला करता येत नाही.

अण्णांनी इंजिन पहिल्यांदा हातात घेतलं ते रॉकर कव्हर बसवायच्या आधी. चष्मा वर करून, डोळ्यांजवळ नेऊन, बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "टॅपेट किती ठेवलंस?" खऱ्या इंजिनात ती फट फीलर गेज घालून मोजतात, आठ पटीने लहान केल्यावर मोजण्यासारखं काही उरत नाही. मी म्हटलं, "ठेवता येत नाही, अण्णा. चिकटवलेलं आहे." ते "हं" म्हणाले आणि जपून परत ठेवलं. त्यांचा प्रश्नही शेवटी चालण्याचाच होता. पण तो ऐकून मला वाईट वाटलं नाही, आणि तुमचा ऐकला की वाटतं. हा फरक माझ्या बाजूने अन्यायाचा असेल, तर असू दे.

सध्या बॉनेटचं काम चालू आहे. मला ते उघडून ठेवायचंय, म्हणून आतून टेकू देणारी पितळी सळई आणि बिजागऱ्या करत्ये. अण्णांचा याला विरोध आहे. त्यांचं म्हणणं, धंद्याची गाडी बॉनेट उघडून उभी असली की ती बंद पडलेली असते, पॅसेंजर तिच्याकडे बघून पुढच्या गाडीला हात करतो; आपली गाडी अशी उभी करायची नाही. मी म्हटलं, बंद ठेवलं तर आतलं कुणाला दिसणार? ते म्हणाले, "चालत्या गाडीचं आतलं कुणी बघतं का?" बिजागऱ्या मी करतेच आहे. बॉनेट उघडं राहील की बंद, ते आमचं अजून ठरलेलं नाही.