वेलमध्ये रसायन खरंच आहे का? : पीफास तपासणीतला माझा अनुभव

विल्मिंग्टन शहराला पाणी पुरवणाऱ्या केप फिअर नदीत ‘जेनएक्स’ नावाचं रसायन असल्याची बातमी 2017 मध्ये फुटली. तेव्हापासून नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळांना, ते ज्या गटातलं त्या पीफास रसायनांच्या कामातून उसंत नाही. मी पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधक) म्हणून इथे आले तीही त्याच कामासाठी. पीफास म्हणजे फ्लोरिनयुक्त, निसर्गात सहसा न विघटणारी रसायनं. ती एकेक करून झेब्राफिश या छोट्या माशाच्या गर्भांवर तपासायची आणि कुठल्यांची पुढे सखोल तपासणी व्हायला हवी ते सांगायचं.

पीफास गटात हजारो संयुगं आहेत आणि नीट माहिती आहे ती मोजक्यांचीच. त्यातल्या पीफोआबद्दल (नॉनस्टिक थर बनवताना वापरलं जाणारं संयुग) एवढं कळलं, कारण वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गच्या आसपासच्या सुमारे 69 हजार लोकांनी आपलं रक्त तपासायला दिलं. त्या अभ्यासातून 2012 पर्यंत मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल अशा सहा आजारांशी संबंध पुढे आला. प्रत्येक संयुगासाठी असं करायचं म्हटलं तर पिढ्या जातील. म्हणून अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, वेगवेगळ्या रचनांचे प्रतिनिधी म्हणून सुमारे दीडशे संयुगं निवडून झटपट चाचण्या सुरू केल्या. आमचं कामही त्याच धाटणीचं.

माशांचा भाग तसा सुखाचा. झेब्राफिश हा मूळचा आपल्याकडचा, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. त्याला प्रयोगशाळेत नावारूपाला आणलं ऑरेगनमध्ये. सकाळी दिवे लागले की मासे अंडी घालतात. मोहरीएवढी ती अंडी गोळा करायची, विकराने वरचं आवरण सोडवायचं आणि 96 वेलच्या, म्हणजे छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये एका वेलमध्ये एक गर्भ सोडायचा. मग साडेअठ्ठावीस अंश तापमान आणि पाच दिवस. पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं : हृदयाभोवती पाणी साचलंय का, कणा वाकडा आहे का, पोहण्याची पिशवी हवेने फुगली आहे का. त्यानंतर दिवे लावून-विझवून पिल्लांची हालचाल कॅमेऱ्याने टिपायची. निरोगी पिल्लं अंधार झाला की सैरावैरा पळतात. पीफॉससारख्या सल्फोनेट प्रकारच्या पीफासच्या वेलमध्ये न फुगलेली पिशवी तर आता लांबूनही ओळखू येते.

खरा वेळ खातो तो त्याआधीचा भाग. विषशास्त्रात रसायनाचा स्टॉक, म्हणजे मूळ दाट द्रावण, डीएमएसओ या द्रावकात करायची सार्वत्रिक पद्धत आहे. पण जेनएक्समधलं जे आम्ल आहे, एचएफपीओ-डीए, ते डीएमएसओमध्ये टिकत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडून त्याचा एक उडून जाणारा ईथर होतो. हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्याआधीच्या कितीतरी निकालांकडे लोक नव्याने बघू लागले. बाहेर वर्षानुवर्षं न विघटणारं रसायन आमच्या बाटलीत मात्र बघता बघता विघटतं, यावर प्रयोगशाळेत अजून विनोद चालतात. पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये ते टिकतं, म्हणून आम्ही त्याचा स्टॉक पाण्यात करतो. पीफोआला डीएमएसओ चालतं. म्हणजे गटाला एक नियम लावायची सोय नाही, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. फ्लोरोटेलोमर अल्कोहोल या प्रकारची पीफास तर उडनशील. झाकण घट्ट नसेल तर डोस निम्म्यावर येतो, आणि शेजारच्या, रसायन न घातलेल्या कंट्रोल वेलमध्ये पाहुणा म्हणून जाऊन बसतो तो वेगळाच.

म्हणून प्रत्येक स्टॉक आणि काही वेलमधलं पाणी मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, तपासायचं. तिथे दुसरं दुखणं. यंत्राच्या नळ्यांत टेफ्लॉन, बाटल्यांच्या झाकणांत टेफ्लॉन, आणि तेही फ्लोरिनयुक्तच. नुसतं शुद्ध पाणी सोडलं तरी त्या ब्लँकमध्ये (कोऱ्या नमुन्यात) आलेखावर पीफोआचं शिखर दिसायचं. नळ्या बदलल्या, झाकणं बदलली, यंत्रातून येणारा पीफास उशिरा बाहेर पडावा म्हणून एक जादा कॉलम (रेणू वेगळे करणारी नळी) बसवला, काचेला रेणू चिकटतात म्हणून बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या घेतल्या. तेव्हा कुठे ब्लँक कोरा आला. त्या दिवशी मी सगळ्यांना चहा पाजला.

घरी फोन केला की ठरलेला प्रश्न येतो : नॉनस्टिक तवा टाकून देऊ का? तव्यावरचा थर म्हणजे लांबलचक पॉलिमर, तो पोटात गेला तरी शोषला जात नाही. भानगड होती ती तो बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीफोआची, आणि अमेरिकेतल्या बड्या उत्पादकांनी 2015 पर्यंत त्याचा वापर थांबवायचं कबूल केलं होतं. रिकामा तवा तापवत ठेवू नका, एवढं मी सांगते. पण मी चिपळूणची. माझ्या मते तिथे तव्यापेक्षा लोटे-परशुरामबद्दल विचारायला हवं. इटलीत त्रिस्सिनोच्या मितेनी या पीफास बनवणाऱ्या कारखान्यामुळे व्हेनेतो प्रांतातल्या लाखो लोकांचं भूजल दूषित झालं. 2018 मध्ये तो बंद पडला आणि त्याची यंत्रसामग्री पुढे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत आली. तिथे काय बनतं, सांडपाण्यात काय मोजलं जातं, हे प्रश्न आईच्या तव्याहून मोठे आहेत.

निकाल वाचतानाही सावध राहावं लागतं. ईपीएने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यात पीफोआची मर्यादा लिटरमागे 4 नॅनोग्रॅम ठरवली. आमच्या प्लेटमधला पीफोआचा 10 मायक्रोमोलरचा डोस म्हणजे लिटरमागे सुमारे 4 मिलिग्रॅम, दहा लाख पट. शिवाय पीफोआ रॅट जातीच्या मोठ्या उंदराच्या मादीच्या शरीरातून काही तासांत निघून जातं, माणसाच्या रक्तात ते निम्मं व्हायला काही वर्षं लागतात. पाच दिवसांच्या माशावरून माणसाचं भवितव्य सांगायला कोणी जाऊ नये. रांग कशी लावायची तेवढं मासा सांगतो : सल्फोनामाइड गटातलं पीफोसा कमी डोसलाच गर्भ मारतं, तेव्हा त्याचे भाऊबंद आधी तपासा.

आमच्या गटात सर्वांत जास्त वाद झाला तो तक्त्यावरून. सुरुवातीला दोनच रकाने होते, ‘परिणाम दिसला’ आणि ‘परिणाम नाही’. जी संयुगं वेलमध्ये टिकलीच नाहीत त्यांची नावं दुसऱ्या रकान्यात पडत होती, आणि असा तक्ता बाहेर गेला की वाचणारा त्यांना निर्धोक समजणार. ‘तपासता आलं नाही’ असा तिसरा रकाना हवा, असं मी धरून बसले. त्याने यादी अर्धवट दिसते, असं सरांचं म्हणणं. शेवटी मास स्पेकचे आकडे समोर ठेवल्यावर रकाना आला. सध्या त्यात बरीच नावं आहेत आणि त्यांच्यासाठी हवाबंद कुप्यांमध्ये चाचणी बसवायचं काम माझ्याकडेच आलं आहे.