व्हॅनिलिन ओळखणारा जिवाणू, कागदावर

आजचा दिवस समीकरणांत गेला. नाशिकच्या वाइनला ओकच्या पिंपातून मिळणारं व्हॅनिलिन (व्हॅनिलाच्या वासाचं रसायन) ई. कोलाय या जिवाणूने ओळखावं, एवढीच इच्छा. रिप्रेसर, म्हणजे जनुक दाबून ठेवणारं प्रथिन, व्हॅनिलिनला बांधलं की डीएनए सोडतं, मग जीएफपी हे हिरवं प्रथिन बनतं आणि चमकतं. हिल समीकरण, म्हणजे किती व्हॅनिलिनला जनुक किती चालू होतं याचं सूत्र, लगेच बसतं. घोळ होतो जीएफपी घटण्याच्या दरात. जीएफपी टिकाऊ, ते विरळ होतं मुख्यतः पेशी विभागल्यामुळे. दुपटीचा काळ 30 मिनिटं असेल, तर दर 0.693 (2 चा नैसर्गिक लॉगॅरिदम) भागिले 30, म्हणजे मिनिटाला 0.023. वाढ मंदावली की तोही घसरतो आणि व्हॅनिलिन तेवढंच असूनही चमक चढते. म्हणून वाढीचा दर स्थिर धरूच नका. शिवाय ई. कोलाय स्वतःच व्हॅनिलिनचं व्हॅनिलिल अल्कोहोल करतो. समीकरणातून या बदलाचं पद गाळलेलं मॉडेल मला मान्यच नाही. वाइन मात्र पातळ करूनच घाला, तिच्यातलं अल्कोहोल आणि आम्लता जिवाणूची वाढ रोखतात.