सूज हटत नाही, आता स्टेरॉइड?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी, म्हणजे मॅक्युलात सूज आली की आधी डोळ्यात अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनं देतात. व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या झिरपवणारं रसायन, त्याला ती अडवतात. दर महिन्याला एक अशी तीन ते सहा झाल्यावरही ओसीटीवर (पडद्याच्या थरांच्या स्कॅनवर) पाणी तसंच दिसलं, तर स्टेरॉइडचा विषय निघतो.

पण आधी जुन्या तारखा काढून बघा. पाच इंजेक्शनं झाली खरी, पण मधे दोन-दोन महिन्यांचे खंड पडले असतील तर औषध निरुपयोगी ठरलं असं म्हणता येत नाही. ओसीटीत पडद्यावर ताणलेला पापुद्रा दिसला, तर तो ताण कोणत्याही इंजेक्शनने सुटत नाही. तिथे शस्त्रक्रियेचा विचार होतो. रक्तदाब, मूत्रपिंड आणि मधुमेहाच्या गोळ्याही तपासाव्यात. पायोग्लिटाझोन मुळातच अंगात पाणी धरून ठेवतं.

जुनाट सुजेत व्हीईजीएफशिवाय दाहाची इतर रसायनंही रक्तवाहिन्या झिरपत ठेवतात. स्टेरॉइड दोन्हींवर काम करतं. व्हिट्रेक्टॉमी (डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या डोळ्यातून साधं औषध लवकर निघून जातं, तिथे इम्प्लांट, म्हणजे डोळ्यात राहून हळूहळू औषध सोडणारी काडी सोयीची.

जास्त वापरला जातो तो डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा 0.7 मिलीग्रॅमचा इम्प्लांट. साधारण सहा मिलीमीटरची काडी, आपोआप विरघळणारी. डोळा सुन्न करून पोव्हिडोन-आयोडीन हे जंतुनाशक लावतात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलीमीटर मागे 22 गेजची सुई आधी तिरकी आणि मग डोळ्याच्या मध्याकडे वळवून घालतात. बटण दाबलं की 'टक्' आवाज येतो. सुई नेहमीपेक्षा जाड असते, म्हणून तिरका मार्ग. सरळ टोचलं तर भोक गळू शकतं. जोर दुसऱ्या महिन्याच्या आसपास सर्वाधिक, तीन-चार महिन्यांनी ओसरतो. ट्रायमसिनोलोन हे दुसरं स्टेरॉइड दिलं तर काही दिवस डोळ्यापुढे पांढरे कण तरंगतात. फ्लुओसिनोलोन या तिसऱ्या स्टेरॉइडचं 0.19 मिलीग्रॅमचं इम्प्लांट तीन वर्षांपर्यंत चालतं, पण ते विरघळत नाही. म्हणून आधीच्या स्टेरॉइडने ज्यांचा दाब फारसा चढला नाही, त्यांनाच ते द्यावं.

खरी अडचण डोळ्याच्या दाबाची. वाढलेला दाब दुखत नाही, नजर छान असते आणि तपासणी टळते. डेक्सामेथासोनने दाब बहुधा सहा ते आठ आठवड्यांत शिखर गाठतो. माझ्या मते त्या सुमारास दाब तपासण्याची तारीख इंजेक्शनच्या दिवशीच ठरवून टाकावी. बहुतेकांना थेंब पुरतात, क्वचित शस्त्रक्रिया लागते. काचबिंदू पुढे गेलेला असेल तर हा रस्ता टाळावा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये लेन्सची मागची पिशवी फाटलेली असेल तरीही काडीचा इम्प्लांट टाळावा. काडी पुढे सरकून कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला) इजा करू शकते.

डोळ्यात स्वतःची लेन्स असेल (मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं नसेल) तर मोतीबिंदू लवकर येतो. ओसीटी कोरडं आणि नजर मात्र घसरतेय, अशा वेळी पुढचं इंजेक्शन मागण्याआधी लेन्स तपासून घ्या.

इंजेक्शननंतरच्या दिवसांत दुखणं वाढलं, लाली आली, नजर कमी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आत संसर्ग असू शकतो.

अपेक्षाही बेतानेच ठेवा. प्रोटोकॉल यू या अमेरिकन चाचणीत रॅनिबिझुमॅब या अँटी-व्हीईजीएफ औषधाला डेक्सामेथासोनची जोड दिल्यावर 24 आठवड्यांत सूज जास्त उतरली, पण अक्षरं वाचण्यात सरासरी फरक पडला नाही. वर्षानुवर्षं सुजलेल्या पडद्यातल्या पेशी मेलेल्या असतील, तर पाणी आटल्यावरही त्या परत येत नाहीत.